समशेर नेमकी कुठली?

गेल्या खंडेनवमीला एका मित्राच्या वाड्यावर गेलो होतो. देवघरासमोर पाटावर कोयता, विळा, सुताराची करवत आणि या सगळ्यांच्या मधोमध एक तलवार मांडली होती. टोकाला लिंबू खोचलेलं, मुठीत झेंडू अडकवलेला, पात्यावर हळदीकुंकवाची बोटं. मित्राचे काका म्हणाले, "इराणच्या शाह अब्बासाची आहे. नाव आहे बघ त्याचं." मुठीलगत खरोखरच सोन्याच्या तारेत फारसी अक्षरं बसवली होती. एका चौकटीत 'अमल-ए-असदुल्ला इस्फहानी', म्हणजे इस्फहानच्या असदुल्लाची कारागिरी. दुसरीत 'बंदा-ए-शाह-ए-विलायत अब्बास'.

माझं लक्ष मात्र लिंबाकडे होतं. ते काढल्यावर खालचं बोटभर पातं काळसर पडलेलं दिसलं. पातं उजेडाकडे तिरकं धरलं, तर त्या काळसर भागात बारीक नागमोडी रेषा उमटलेल्या होत्या, तळ्यावरून झुळूक गेल्यावर पाणी दिसतं तशा. बाकीचं पातं घासून घासून आरशासारखं केलेलं. काकांना त्या रेषा म्हणजे गंज वाटत होता. मला वाटलं, या घरातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच असावी.

जुनी इराणी किंवा उस्मानी (म्हणजे ऑटोमन तुर्कांची) तलवार समोर आली की आपली नजर पहिल्यांदा अक्षरांवर जाते. जाणकारांचा क्रम उलटा असतो. आधी आकार, मग पोलाद, मग मूठ आणि अगदी शेवटी मजकूर. कारण साधं आहे. मजकूर कुणालाही, कधीही कोरता येतो. पोलादाला खोटं बोलायला लावणं फार अवघड.

या विषयाचे निम्मे शब्द मराठीत आधीपासून आहेत. फारसी 'शमशीर'ची आपण समशेर केली आणि बाजीराव-मस्तानीच्या मुलाचं नाव समशेर बहाद्दर ठेवलं. 'पुलाद'चं पोलाद केलं. म्यानही तिकडचंच. शिकलगार या शब्दात 'सैकल' म्हणजे झिलई दडली आहे, म्हणजे शिकलगार हा मुळात धारेपेक्षा चकाकी देणारा. 'शमशीर' म्हणजे सिंहाची शेपटी, वाकडी असते म्हणून, अशी एक व्युत्पत्ती हौसेनं सांगितली जाते. ऐकायला छान आहे, पण टिकत नाही. हा शब्द इस्लामच्याही आधीच्या, सासानी काळातल्या भाषेत सापडतो आणि सासानी तलवारी सरळ होत्या.

मग वाक आला कुठून? मध्य आशियातल्या घोडेस्वार तुर्की टोळ्यांकडून. मंगोल स्वाऱ्यांनंतर वाकडी तलवार इराण-तुर्कस्तानात सगळीकडे रुळली आणि इराणच्या सफवी घराण्याच्या काळात, सोळाव्या-सतराव्या शतकात, इराणी समशेरीचा वाक कळसाला पोचला.

हा वाक शोभेचा नाही. विळीवर भाजी चिरताना आपण काय करतो ते आठवा. दुधीचा तुकडा पात्यावर नुसता दाबला तर तो ठेचतो. तोच पात्यावरून ओढत खाली नेला की अलगद चिरला जातो. म्हणून तर विळीचं पातं वाकडं असतं. समशेरीचं तंत्र तेच, फक्त इथे विळी घोड्यावर बसलेली आहे. स्वार दौडत जाताना वार करतो, पातं लागतं आणि घोडा पुढे जात असल्यामुळे आपोआप ओढलं जातं. सरळ तलवारीला जे मनगटानं करावं लागतं, ते इथे आकारच करतो. शिवाय सरळ पातं अशा वेगात रुतून बसण्याची धास्ती असते, वाकडं निसटून बाहेर येतं. वजन साधारण किलोच्या आतबाहेर. पातं अरुंद, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं, बहुधा पन्हळ नसलेलं. मूठ साधी: आडवी दांडी आणि टोकाला काटकोनात वळलेली चोच, हातातून सुटू नये म्हणून. तोटा एकच, पण मोठा. अशा तलवारीनं भोसकणं कठीण आणि चिलखतापुढे ती लंगडी.

उस्मानी तुर्कांची 'किलिच' वेगळ्या डोक्यातून निघाली आहे. तिचा वाक पात्याच्या पुढच्या भागात सुरू होतो आणि शेवटच्या हिस्स्यात पातं एकदम रुंद होतं. त्या रुंद भागाच्या पाठीलाही धार असते. तुर्की लोक त्याला 'यलमान' म्हणतात. वजन टोकाकडे गेल्यामुळे घाव कुऱ्हाडीसारखा बसतो आणि पाठीच्या धारेमुळे भोसकताही येतं. पुढच्या काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, आखूड आणि रुंद 'पाला' आली. तिची पाठ इंग्रजी टी अक्षराच्या आडव्या दांडीसारखी जाड असते, त्यामुळे पातं पातळ असूनही ताठ राहतं.

या रुंद टोकानं एक घरगुती अडचण करून ठेवली. असं पातं म्यानात घालायचं कसं? टोक मावेल एवढं म्यान केलं तर तलवार आत खुळखुळणार. त्यावर कारागिरांनी म्यानाच्या तोंडापाशी, पाठीच्या बाजूला, लांब चीर ठेवली. तलवार त्या चिरेतून वाकडी आत सरकते. संग्रहालयात काचेपलीकडे रिकामं म्यान दिसलं आणि त्याला अशी चीर असली, तर आत काय असायचं याचा अंदाज तलवार न बघता करता येतो.

तिसरी यातागान. ही आपल्या कोयत्याची चुलत बहीण म्हणावी. धार आतल्या, खोलगट बाजूला, पातं आधी पुढे झुकतं आणि टोकाशी परत सरळ होतं. आडवी दांडी नाहीच. मुठीच्या टोकाला दोन पसरट कान, हात घसरू नये म्हणून. उस्मानी पायदळातले जानिसारी सैनिक ती कमरेच्या शेल्यात खोचून हिंडत. १८२६ साली सुलतान दुसऱ्या महमूदनं जानिसारी फौजच मोडून काढली, पण आकार मात्र मेला नाही. फ्रेंचांनी १८४०च्या दशकात आपल्या बंदुकीच्या संगिनीला यातागानचा वळसा दिला आणि ती फॅशन इतर सैन्यांतही पसरली.

यातागान ही शिपायाची वस्तू, पण तिचा सगळ्यात देखणा नमुना सुलतानाचा आहे. सुलेमानसाठी अहमद तेकेली या कारागिरानं हिजरी ९३३, म्हणजे १५२६-२७ साली केलेली यातागान इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे. (इकडे पानिपतची पहिली लढाई झाली ते हेच दिवस.) पात्यावर सोन्याच्या उठावात ड्रॅगन आणि सीमुर्ग पक्षी यांची झुंज आहे. गंमत अशी की तुर्की सुलतानाच्या तुर्की हत्यारावरचं हे चित्र इराणी पठडीतलं. त्यामागे युद्ध आहे. १५१४ साली चाल्दिरानच्या मैदानावर सुलेमानच्या बापानं, पहिल्या सेलीमनं, इराणच्या शाह इस्माईलचा पराभव केला आणि तब्रीझ घेतलं. परतताना त्यानं तिथले कारागीर इस्तंबूलला नेले. त्यानंतरच्या उस्मानी दरबारी कलेत इराणी हात दिसतो तो असा.

चाल्दिरानची लढाई तलवारीनं जिंकली नव्हती, हेही इथेच सांगून टाकतो. इस्माईलच्या किझिलबाश स्वारांना तलवारबाजीत तोड नव्हती. समोर साखळीनं जोडलेले गाडे होते आणि त्यामागे तोफा नि बंदुका. म्हणजे समशेर सगळ्यात सुंदर झाली ती सफवी काळात, आणि तोवर युद्धाचा निकाल तिच्या हातातून निसटायला लागला होता. उस्मानी लोकांची खरी ताकद काय, हे दख्खनलाही ठाऊक होतं. विजापूरची मुलूख-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, ती ओतणारा मुहम्मद बिन हुसेन 'रूमी' होता. रूमी म्हणजे तेव्हाच्या भाषेत तुर्की मुलखातला. त्यांच्याकडून आपण तोफ घेतली. त्यांना आपण काय दिलं, ते आता.

काकांच्या पात्यावरच्या त्या रेषा. फारसीत त्यांना 'जौहर' म्हणतात. 'जवाहीर' हे त्याच शब्दाचं अनेकवचन. युरोपीय लोकांनी या पोलादाला दमास्कसचं नाव चिकटवलं. पण त्याची मोठी बाजारपेठ आणि जुनी ख्याती हिंदुस्थानशी जोडलेली आहे. अरबीत उत्तम तलवारीला 'मुहन्नद' हा शब्द आहे, म्हणजे हिंदच्या पोलादाची. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या पंडितानं तलवारींच्या प्रकारांवर अख्खा ग्रंथ लिहिला, तेव्हाही दक्षिणेकडचं पोलाद चर्चेत होतं. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सांगतो की इराणात रेषा उमटवता येणारं पोलाद गोवळकोंड्याच्या राज्यातून जातं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सर्वेक्षणातला हेन्री वॉयसी कोनासमुद्रमला गेला. हे गाव आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद भागातलं, म्हणजे आपल्या नांदेडच्या शेजारचं. तिथे त्याला पोलाद खरेदीसाठी आलेला चक्क इस्फहानचा व्यापारी भेटला. तेवढ्यासाठी इतक्या लांबून माणूस येऊन राहतो, यावरून मालाची किंमत समजावी. इराणात सगळं पोलाद इथूनच जायचं असं मात्र नाही. चाहकसारख्या इराणी गावांत आणि त्याआधी मध्य आशियातल्या मर्वमध्येही मुशीतलं पोलाद होत होतं. आपल्याकडे हल्ली 'सगळं आमच्याकडूनच गेलं' म्हणायची घाई असते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

हे पोलाद करायची दक्षिणेतली रीत वाचताना मला ते कारखान्यापेक्षा स्वयंपाकघराच्या जवळचं वाटतं. मातीच्या छोट्या मुशीत लोखंडाचे तुकडे घालायचे. त्यात वाळलेल्या तरवडाची लाकडं. वर रुईची पानं. तोंड मातीनं बंद करून अशा अनेक मुशी भट्टीत रचायच्या आणि तासन् तास भाता मारायचा. लाकूड-पाल्यातला कार्बन लोखंडात मुरतो आणि कार्बन मुरला की लोखंड कमी उष्णतेला वितळतं. मग मूस हळूहळू गार होऊ द्यायची. फोडली की आत वडीसारखा गोळा. त्यात कार्बन साधारण दीड टक्का, म्हणजे नेहमीच्या पोलादाच्या कितीतरी पट.

एवढ्या कार्बनचं पोलाद काचेसारखं ठिसूळ व्हायला हवं. इथे इराणी लोहाराची कमाल सुरू होते. वडी फार तापवली तर हातोड्याखाली तिचे तुकडे होतात. शिवाय रेषाही पुसल्या जातात. कमी तापवली तर ती हलत नाही. मधल्या मंद लाल रंगाच्या अरुंद पट्ट्यात तिला पुन्हा पुन्हा तापवत, ठोकत पातं ताणायचं. या फेऱ्यांमध्ये लोखंड आणि कार्बन यांचे कडक कण पोटातल्या पोटात थर लावून बसतात. मधलं लोखंड मऊ राहतं, थर कडक. धार टिकते आणि पातं मोडत नाही, ते या जोडीमुळे. शेवटी झिलई करून हिराकसासारख्या खनिजाचं आंबट पाणी फासलं की मऊ भाग काळवंडतो, कडक थर पांढरे राहतात आणि जौहर वर येतो. काकांच्या लिंबानं अजाणता हेच काम केलं होतं.

रेषांचेही प्रकार आहेत. नुसते लांब पट्टे ते साधं काम. सगळ्यात वरचं 'किर्क नर्दबान', म्हणजे चाळीस पायऱ्यांची शिडी. पात्यावर ठराविक अंतरानं आडव्या खाचा पाडून मग ठोकून सपाट केलं की तिथले थर वाकतात आणि शिडीच्या पायऱ्या दिसतात. हल्ली ऑनलाइन 'दमास्कस' म्हणून जे सुरे विकतात, त्यांचा याच्याशी फारसा संबंध नाही. ते दोन वेगळी पोलादं थरावर थर ठेवून एकत्र ठोकतात. तुर्की कारागीरही तशी पिळाची पाती करत आणि ती सुंदर असतात, पण जात वेगळी. एकात नक्षी रचलेली असते, दुसऱ्यात ती आतून आलेली असते.

ही विद्या एकोणिसाव्या शतकात विझली. युरोपातलं स्वस्त पोलाद आलं, बंदुका सुधारल्या, गिऱ्हाईक उरलं नाही. शास्त्रज्ञ मात्र ती विझायच्या आधीपासूनच उलगडायच्या मागे आहेत. १७९४ साली मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी इथल्या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरेडेनं विजेकडे पूर्ण वळण्याआधी याच पोलादावर डोकं खपवलं. १९९०च्या दशकात अमेरिकेत जॉन व्हरहोवन हे धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हे लोहार यांनी मिळून दाखवलं की खनिजात व्हॅनेडियमसारखा धातू, अगदी अत्यल्प का होईना, असला तरच थर नीट लागतात. म्हणजे लोहार तोच, भट्टी तीच, पण खाणीतला दगड बदलला तर विद्या चालेना. विद्या बुडण्यामागे हेही एक कारण असावं, असं त्यांचं म्हणणं. २००६ मध्ये ड्रेस्डेनच्या पीटर पॉफ्लर यांच्या गटानं बर्नच्या संग्रहालयातल्या एका सतराव्या शतकातल्या तलवारीच्या तुकड्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या सापडल्याचं जाहीर केलं आणि जगभर मथळे झाले. ती तलवार कुणाची म्हणून ओळखली जाते? असदुल्लाची!

तर आता हा असदुल्ला. शाह अब्बासाच्या काळातला, म्हणजे १५८८ ते १६२९ मधला, इस्फहानचा लोहार अशी त्याची ख्याती. एक कथा अशी: उस्मानी सुलतानानं शाहकडे एक शिरस्त्राण पाठवलं आणि ते तलवारीनं दोन तुकडे करील त्याला बक्षीस लावलं. असदुल्लानं तशी तलवार घडवून ते चिरलं आणि बक्षीस म्हणून शाहनं तलवार घडवणाऱ्यांवरचा कर माफ केला. कथा आहे, तशीच घ्यावी. अडचण अशी की असदुल्लाच्या सहीची पाती इतकी आहेत आणि त्यांवरच्या तारखा इतक्या लांबवर पसरल्या आहेत की एका माणसाच्या आयुष्यात ते बसत नाही. असदुल्ला म्हणजे 'ईश्वराचा सिंह', हजरत अलींचं बिरुद. ते एका लोहाराचं नाव होतं, पिढ्यान् पिढ्या चालणारी पदवी होती की बाजारात चालणारा छाप, यावर अभ्यासकांचा वाद आहे. आपल्याकडे एका गावच्या प्रसिद्ध मिठाईच्या नावानं दहा दुकानं निघतात आणि सगळीच 'मूळ' असतात, तसं काहीसं.

दुसऱ्या चौकटीचंही तेच. 'बंदा-ए-शाह-ए-विलायत अब्बास' याचा अर्थ 'विलायतेच्या बादशहाचा दास अब्बास'. इथे विलायत म्हणजे इंग्लंड नव्हे, धार्मिक अधिपत्य. तो बादशहा म्हणजे हजरत अली. शाह अब्बास स्वतःला त्यांचा दास म्हणवून घेत असे. पुढे हे वाक्यही सहीबरोबर जोडून यायला लागलं. तलवार शाहच्या कमरेला होती, असं ते सांगत नाही. तारीख असलीच तर आणखी एक पडताळा करता येतो. हिजरी आकड्याला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा, इसवी सन जवळपास येतो. हिजरी १०२७ म्हणजे १६१८. पातं अब्बासाचं म्हणत असेल आणि हिशेब त्याच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांवर जात असेल, तर काय समजायचं ते समजावं.

खोट्या सहीचं पातं वाईटच असतं असं नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. पुष्कळदा उत्तम जौहराच्या पात्यावर नंतर कुणीतरी भाव वाढवायला सही घातली. आणि पाती मुठींना बांधलेली नसायची. ती फिरायची. इराणी पात्याला तुर्की मूठ, तुर्की पात्याला अरबी, इराणी पात्याला हिंदुस्थानी. मराठ्यांनी युरोपीय पात्यांना आपल्या मुठी बसवून त्याला फिरंग म्हटलं, तसंच. २०२५ साली महाराष्ट्र शासनानं लंडनच्या लिलावातून आणलेली नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार अशीच फिरंग आहे, आणि पात्यावर देवनागरीत तसं लिहिलेलंही आहे. नाव लपवायची कुणाला गरज वाटली नव्हती. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे खरं, पण एका तलवारीत तीन मुलूख सहज राहतात.

तलवारीचं हत्यारापलीकडचं वजन उस्मानी दरबारात सगळ्यात स्पष्ट दिसतं. तिथे सुलतानाच्या डोक्यावर मुकुट ठेवायची रीत नव्हती. नवा सुलतान मिरवणुकीनं इस्तंबूलच्या एयूप मशिदीत, पैगंबरांचे सोबती अबू अय्यूब यांच्या कबरीपाशी जाई आणि तिथे त्याच्या कमरेला तलवार बांधली जाई, तोच त्याचा राज्याभिषेक. शेवटचा सुलतान सहावा महमद याच्या कमरेला ती १९१८ साली बांधली गेली, पहिलं महायुद्ध हरत आलेलं असताना. युरोपात हीच तलवार आधी लूट म्हणून शिरली. १६८३ साली व्हिएन्नाचा वेढा उठला आणि उस्मानी छावणीतली शस्त्रं राजेरजवाड्यांच्या दालनांत गेली. मग फॅशन म्हणून. नेपोलियनच्या १७९८च्या इजिप्त मोहिमेनंतर अधिकाऱ्यांना तिथल्या मामलुक स्वारांच्या वाकड्या तलवारीचं वेड लागलं आणि १८३१ पासून ब्रिटिश जनरलांच्या गणवेशात तिचीच नक्कल लटकते आहे.

काकांची तलवार मी खिडकीशी नेऊन परत पाहिली. पात्याचा वाक इराणी. मूठ उघडच हिंदुस्थानी, टोकाला ती ओळखीची गोल वाटी असलेली. जौहर खरा, तो अस्सल मुशीतल्या पोलादाखेरीज येत नाही. सोन्याची अक्षरं मात्र पात्याच्या मानाने फारच टवटवीत आणि वळण जरा अडाणी.

"मग शाह अब्बासाची नाही म्हणतोस?" काकांनी विचारलं.

"सहीवर नका जाऊ काका. पोलाद कदाचित तुमच्या नांदेडपलीकडचं असेल. इस्फहानला जाऊन आलेलं."

ते बराच वेळ त्या काळ्या डागाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि आम्ही दरवर्षी हे राखेनं घासून काढतो."

पुढच्या खंडेनवमीला लिंबू खोचायचं की नाही, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही. खोचलंच तर संध्याकाळी काढून, पातं कोरडं पुसून, वर तेलाचा हात फिरवायचा एवढं ठरलं आहे. राख मात्र काकूंनी त्याच दिवशी ओसरीवरून उचलून भांडी घासायच्या जागी नेऊन ठेवली.